कॅलेंडरवरचं तोंड

वेल्समधल्या आमच्या गावात सरकारी पत्र आलं की ते दोन भाषांत येतं. पुढच्या बाजूला आमची वेल्श, मागच्या बाजूला इंग्रजी. आणि गावातली सगळी माणसं, मला धरून, पत्र हातात पडल्याबरोबर ते उलटतात. घरात, दुकानात, चॅपेलमध्ये आम्ही जन्मापासून वेल्शच बोलतो, पण सरकारी वेल्श ज्यानं लिहिली त्यालाच कळत असावी. अपवाद एकच, माझा नवरा इद्वाल. जन्मभर शाळेची बस चालवलेला हा माणूस पत्राच्या इंग्रजी बाजूकडे बघतसुद्धा नाही. टीव्हीच्या लायसनच्या पत्रासाठी शब्दकोश घेऊन बसेल, पण कागद उलटणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या घोळात नेमकं हेच मी विसरले होते.

तर पत्र आलं. माझ्या नावाचं. मी उलटलं, 'स्मिअर' हा शब्द वाचला, परत घडी केली आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या निळ्या ताटांमागे सारून दिलं. तिथं आणखी चार होती. सतरा वर्षं मी हे असंच करत आले होते. आता मला एकसष्ट पूर्ण झाली होती, चौसष्टनंतर बोलावणं येत नाही, म्हणजे आणखी तीनेक वर्षं रेटली की सुटले, असा माझा हिशेब होता. या हिशेबात मी जिवंत राहीन हे मी धरूनच चालले होते. सतरा वर्षांत एकदाही मनात आलं नाही की त्या ताटांमागे कागद नाही, आपला जीव पडलाय.

पण या वेळी शोनेडचा फोन आला. शोनेड आमच्या दवाखान्यातली नर्स. लहानपणी रविवारच्या शाळेत माझ्या वर्गात होती, मी तिला दावीद आणि गोल्याथची गोष्ट शिकवलेली आहे.

"नेरिस आंटी, पत्र मिळालं ना? पुढच्या महिन्यात, गुरुवारी, दहा वीस. चालेल?"

आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. आम्ही 'हो हो, बघते हं' म्हणतो आणि मग त्या दिवशी आजारी पडतो. शोनेडला मी याआधी दोन वेळा फ्लू कळवलेला होता.

"हो हो, बघते हं," मी म्हणाले.

"आंटी, लिहून घ्या. मी फोनवर आहे. कॅलेंडरवर लिहा."

आता काय करणार? लिहिलं. पण कॅलेंडर आमच्या मागच्या दाराशी टांगलेलं, आणि गावात पुढच्या दारानं फक्त पोलीस आणि पाद्री येतात, बाकी सगळे मागच्या. ज्याला चहा प्यायचा तो कॅलेंडर वाचून बसतो. त्या स्मिअर तपासणीला आमच्या भाषेत म्हणतात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. 'केग' म्हणजे तोंड, 'ग्रोथ' म्हणजे गर्भाशय. हा 'ग्रोथ' शब्द मी उभ्या आयुष्यात मोठ्यानं उच्चारलेला नाही. माझ्या आईनंही नाही. आम्ही 'खाली' म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही. मी पेन्सिल घेतली आणि गुरुवारच्या चौकोनात एवढंच लिहिलं: 'तोंड, १०.२०.'

तीन दिवसांनी माझी नणंद मेना आली. इद्वालपेक्षा सहा वर्षांनी धाकटी, आमच्याच गल्लीत राहते, आणि हात हलवत कधी येत नाही, पण या वेळी तिच्या हातात भलं मोठं भांडं होतं. तांदळाची खीर, ओव्हनमध्ये भाजलेली, वर तपकिरी साय धरलेली.

"अगं, आज काय?" मी विचारलं.

"काही नाही. मऊ आहे," मेना म्हणाली आणि माझ्या जबड्याकडे बघत राहिली.

"मऊच असते खीर."

"तेच म्हणते मी. तुला काही बोलायची गरज नाही, नेरिस. अजिबात बोलू नकोस."

मला काही कळेना. मेनाच्या तोंडून 'बोलू नकोस' मी पहिल्यांदाच ऐकत होते, एरवी ती मला बोलूच देत नाही. तिनं माझ्या गालावर हात ठेवला, डोळे पुसले आणि निघून गेली. मी खीर खाल्ली. चांगली होती.

दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या बाईनं मला तिकिटं देताना 'फार गरम पिऊ नकोस हो' असं बजावलं. शेजारच्या ग्वेनोनं मटण-बटाट्याचं कालवण आणलं, तेही गाळून. गाळून! कालवण कोण गाळतं? तिसऱ्या घरून मनुकांचा ब्रेड आला, चहात इतका भिजवलेला की चमच्यानं उचलावा लागला. जो तो माझ्याशी हळू आवाजात बोले आणि उत्तराची वाट न बघता निघून जाई. मी आरशात जाऊन तोंड बघितलं. जीभ बाहेर काढून बघितली. वरच्या कवळीखाली काही आहे का तेही बघितलं. काही नव्हतं. तरी रात्री जेवताना उगाचच उजव्या बाजूनं चावायला लागले.

उलगडा झाला रविवारी. चॅपेलमध्ये म्हातारे डीकन, म्हणजे तिथले कारभारी, प्रार्थनेला उभे राहिले आणि डोळे मिटून म्हणाले, "प्रभो, आमची भगिनी नेरिस हिच्या तोंडावर तुझी कृपादृष्टी असू दे."

चाळीस माणसं एका सुरात आमेन म्हणाली. मी इद्वालकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता.

गाडीत बसल्याबरोबर मी सुरू केलं. "काय सांगितलंस तू लोकांना?"

"मी लोकांना काही सांगितलं नाही. मेनाला सांगितलं."

"म्हणजे लोकांनाच! काय सांगितलंस?"

"तुझी तोंडाची तपासणी आहे म्हणून. कॅलेंडरवर लिहिलंय की."

"आणि मेनाला वाटलं मला तोंडाचा..."

"मेनाला काय वाटतं ते मेनाला ठाऊक," इद्वाल म्हणाला आणि गिअर टाकला. "तोंडाची नाही का मग?"

आता आली का पंचाईत? नाही म्हणावं, तर मग कशाची ते सांगावं लागणार. लग्नाला अडतीस वर्षं झाली, दोन मुलं झाली, पण या माणसाशी मी तो शब्द कधी बोललेली नव्हते.

"तोंडाचीच," मी म्हणाले.

"मग झालं तर."

त्या दिवसापासून मी पक्की अडकले. न जाऊन चालणारच नव्हतं. एरवी मी फ्लू कळवला असता तर शोनेडशिवाय कुणाला पत्ता लागला नसता. आता सगळं गाव दहा वीसची वाट बघत होतं. गुरुवारी अकरा वाजता मागच्या दारातून किमान सहा जणी येणार आणि विचारणार, काय म्हणाले? मी इद्वालवर इतकी चिडले होते की तीन आठवडे त्याला रोज गाळलेलं कालवण वाढलं. तो मुकाट्यानं खात होता. मेनाची खीर मात्र मी एकटीनं संपवली.

गुरुवारी त्यानं दहालाच गाडी काढली. दवाखान्याच्या दारात म्हणाला, "मी बाहेर बसतो. लागलं तर हाक मार."

"तोंड उघडायला काय हाक मारायची?" मी म्हणाले.

त्याचे कान लाल झाले होते. तेव्हा मला वाटलं थंडीनं.

शोनेडच्या खोलीत हीटर लावलेला होता. तिनं मला आधी खुर्चीत बसवलं, शेवटची पाळी कधी आली विचारलं, मी दहा वर्षं झाली म्हणाले. मग तिनं प्लास्टिकचं ते उपकरण माझ्या हातातच दिलं. बदकाच्या चोचीसारखं. हलकं होतं.

"सगळ्यात लहान घेतलंय. याच्यानं जरा जागा होते, म्हणजे मला आत दिसतं. मग हा ब्रश फिरवायचा, पाचेक वेळा, की झालं. ब्रश बाटलीत, बाटली प्रयोगशाळेत. तीन मिनिटं. पडद्यामागे जा, कमरेखालचं काढा, झोपा आणि हा कागद अंगावर घ्या. माझ्याकडे बघायचं नाही. छताकडे बघा."

ब्रश बघून मला माझ्या कवळीचाच ब्रश आठवला. मी पडद्यामागे गेले. डोक्यात नुसता कालवा. तीन आठवडे सगळं गाव तोंड, तोंड, तोंड करत होतं. बूट काढले, मोजे काढले, स्कर्ट, आतलं सगळं काढून नीट घडी करून स्कर्टखाली लपवलं, जसं काही शोनेडला ठाऊकच नव्हतं की बायका आत काही घालतात. मग काय वाटलं कोण जाणे, वरची कवळी काढली आणि रुमालात गुंडाळून उशाशी ठेवली. आणि आडवी झाले.

शोनेड आत आली. "टाचा एकत्र. गुडघे बाजूला पडू देत. असं. छान. आता सैल सोडा, आंटी. आणखी. जरा उघडा."

मी तोंड उघडलं.

चांगलं मोठं, दातांच्या डॉक्टरकडे उघडतात तसं. क्षणभर दोघीही तशाच. शोनेडनं कागदावरून माझ्याकडे बघितलं, मग उशाशी ठेवलेल्या रुमालाकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा काही झाला की मलाच आधी हसू फुटलं. ती स्टुलावर बसून हसली. मी तशीच आडवी, बिनदातांची, गुडघे बाजूला पडलेले, हसतेय. आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना.

"काय झालं?" शोनेडनं विचारलं. "आंटी, काय झालं होतं मागच्या वेळी?"

तोंड उघडंच होतं, म्हणून असेल, मी सांगून टाकलं. सतरा वर्षांपूर्वी इथं एक डॉक्टर होते, बाहेरून आलेले, थोडे दिवसांसाठी. वेल्श येत नव्हती. मला इंग्रजी येतं, शाळेत शिकलेय, टीव्ही कळतो, फोनवर भांडतासुद्धा येतं. पण दुखलं तेव्हा मला एकही इंग्रजी शब्द आठवला नाही. मी आमच्या भाषेत थांब म्हणाले. दोनदा म्हणाले. ते थांबले नाहीत. मग त्यांनी मला विचारलं, दोन मुलं झालीत ना तुला, मग एवढं काय झालं? हे मात्र मला नीट कळलं.

शोनेडनं ते उपकरण बाजूच्या ट्रेमध्ये ठेवून दिलं.

"असं करू. मी हात लावायच्या आधी तुम्ही थांब म्हणा. म्हणून तर बघा."

"आत्ता?"

"आत्ता."

"थांब," मी म्हणाले.

तिनं दोन्ही हात वर केले. पोलिसानं पिस्तूल रोखल्यासारखे. मग म्हणाली, "अर्ध्यात म्हणालात तरी असंच. तिथल्या तिथे."

आणि मी म्हणाले, अर्ध्यात, फक्त खरं आहे का बघायला. खरं होतं. ती तिथल्या तिथे थांबली, श्वास रोखून. छतावर ओलीचा एक डाग होता, मी त्याच्याकडे बघत चार श्वास घेतले आणि म्हणाले, "चालू दे." जरा ताण आला, पाळीच्या दिवसांत पोटात येते तशी एक कळ आली, आणि ब्रश बाहेरही निघाला. "संपलं," ती म्हणाली. मी विचारलं, एवढंच? सतरा वर्षं मी एवढ्यासाठी ताटांमागे कागद सारत होते? मला रागही येईना आणि आनंदही होईना. मी कवळी घातली आणि बाहेर आले.

इद्वाल उभाच होता. "झालं?"

"झालं."

"दुखलं?"

"तोंड कुठं दुखतं," मी म्हणाले, आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले.

साडेतीन आठवड्यांनी पत्र आलं. सकाळची वेळ, इद्वाल स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावत होता. मी उभ्या उभ्या फोडलं, सवयीनं उलटलं आणि वाचायला लागले. विषाणू सापडला आहे. पेशींत बदल सापडले आहेत. हा कर्करोग असल्याचा निष्कर्ष नाही. हॉस्पिटलात पुढची तपासणी करावी लागेल. मी परत पहिल्यापासून वाचलं. सापडला आहे आणि निष्कर्ष नाही, हे दोन्ही एकाच कागदावर कसं? आहे म्हणजे आहे का नाही? निष्कर्ष नाही म्हणजे तो नाही, का अजून काढलेला नाही? आणि विषाणू कुठून आला? माझ्याकडे? अक्षरं दिसत होती पण आत काही शिरत नव्हतं. मी खुर्चीत बसले.

इद्वालनं माझ्या हातातून कागद घेतला. उलटला. वेल्श बाजूला. चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागला, मुलांना बसमध्ये सूचना वाचून दाखवायचा तसा, सावकाश. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, असं त्यानं पहिल्याच ओळीत वाचलं. पूर्ण. 'ग्रोथ' या शब्दासकट. अडखळला नाही. पुढे वाचलं की हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि वर्षानुवर्षं अंगात गपचूप पडून राहू शकतो. बदललेल्या पेशी वेळेवर काढल्या तर त्यांचा सहसा कर्करोग होत नाही.

"वेळेवर," तो पुन्हा म्हणाला. "इथं वेळेवर लिहिलंय."

पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. "तुला ठाऊक होतं," मी म्हणाले.

त्यानं चष्मा काढला.

"तुला ठाऊक होतं ते तोंड कुठलं ते!"

"ताटांमागे पाच पत्रं होती, नेरिस. पाचही मी वाचलीत. पुढच्या बाजूनं."

"मग मेनाला तोंड का सांगितलंस? सगळ्या गावानं मला आजारी पाडलं! गाळलेलं कालवण, चॅपेलमध्ये प्रार्थना, माझ्या तोंडाचा जयजयकार! मला वेड लागायची पाळी आली होती!"

"मी खोटं बोललो नाही. अर्धंच बोललो. जेवढं बोलायला जमतं तेवढं." तो परत लोण्याची सुरी हातात घेऊन उभा होता. "नुसतं मला ठाऊक असतं तर तू गेली नसतीस. गावाला ठाऊक झालं म्हणून गेलीस. माझी आई कशानं गेली, ठाऊक आहे?"

"पोटाच्या दुखण्यानं."

"पोटाच्या नाही. मी चौदा वर्षांचा होतो. डॉक्टर वडलांना सांगत होते आणि मी जिन्यावर बसलेलो होतो. वडील म्हणाले, गावात पोट सांगू. मेना आठ वर्षांची होती, तिलाही पोटच सांगितलं. आई वर्षभर रक्त लपवत होती. कुणाला सांगायला तिच्याकडे शब्दच नव्हता."

अडतीस वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपले आणि हे मला आज कळत होतं. मी जवळ गेले आणि त्याच्या हातातली सुरी काढून घेतली, एवढंच. माझं त्याच्यावर प्रेम आहे, हे मी त्याला कधी सांगत नाही, आमच्याकडे तेही बोलत नाहीत. त्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "बरं."

मग तो कॅलेंडरपाशी गेला. हॉस्पिटलची तारीख पत्रातच होती, बावीस तारीख, सकाळी नऊ. त्यानं पेन्सिल घेतली नाही, पेन घेतलं. चौकोन लहान पडला म्हणून शेजारच्या दोन दिवसांवरही लिहीत गेला. सगळे शब्द, सरळ अक्षरात, मागच्या दारानं येणाऱ्याला वाचता येतील असे.

तेवढ्यात दार वाजलंच. मेना. हातात पुन्हा खिरीचं भांडं. ती सवयीनं कॅलेंडरकडे वळली, चहा मिळण्याआधीच. वाचलं. भांडं टेबलावर ठेवलं, चष्मा लावला आणि परत वाचलं.

"हे काय आहे?" ती म्हणाली. "तोंड म्हणजे... हे तोंड?"

"हे," मी म्हणाले.

"आणि मी सगळ्या गावाला..." ती हसणार होती. मग तिनं भावाचा चेहरा बघितला.

"मेना," इद्वाल म्हणाला, "आईला हेच झालं होतं."

मेना साठ वर्षांची आहे, पण त्या क्षणी ती मला आठ वर्षांची दिसली. तिनं खुर्ची ओढली, बसली, परत उठली, भांड्यावरचं फडकं उगाच सरळ केलं.

"पोट म्हणाले होते," ती म्हणाली. "मला पोट म्हणाले होते."

"हो."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ती पत्रं येतात ना, दवाखान्याची? मी ती फाडून टाकते. पहिल्यापासून. वाचत नाही." आणि मग, अगदी हळू, "शोनेडचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

मी फोन लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडून शोनेडनं कशासाठी अपॉइंटमेंट हवी असं विचारलं असणार. मेनानं एकदा कॅलेंडरकडे बघितलं आणि तिथं लिहिलेलं, एक एक शब्द, मोठ्यानं वाचून दाखवलं.